नॅव्हिगेशन उपग्रह कक्षेत तोंड कसं फिरवतात: यॉ मॉडेल पायरीपायरीने

सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा काढायची असेल तर उपग्रह कुठे आहे एवढं कळून भागत नाही. तो कोणत्या बाजूला वळून उभा आहे हेही कळावं लागतं. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू आणि आपलं नाविक, या सगळ्यांचे उपग्रह दोन कामं एकाच वेळी करत असतात. अँटेना पृथ्वीकडे रोखून धरायची आणि सौरपंख सूर्याला काटकोनात ठेवायचे. पंख स्वतःच्या आसाभोवती फिरू शकतात, पण तेवढ्याने पुरत नाही. म्हणून पृथ्वीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती अख्खा उपग्रहच फिरवावा लागतो. या फिरण्याला यॉ म्हणतात आणि हा लेख त्याच्या मॉडेलबद्दल आहे.

आदर्श परिस्थितीतलं सूत्र एका ओळीत मावतं. खरी मेहनत आहे ती प्रत्येक फेरीतल्या दोन जागांवर, उपग्रहाच्या मध्यान्हाला (कक्षेत सूर्याच्या सगळ्यात जवळ) आणि मध्यरात्रीला (सगळ्यात दूर). तिथे सूत्र मागतं तेवढ्या वेगाने उपग्रह फिरू शकत नाही, आणि मग प्रत्येक बनावटीचा उपग्रह आपापल्या पद्धतीने वागतो. म्हणून माझं पहिलंच सांगणं: एकच मॉडेल सगळ्या उपग्रहांना लावू नका.

पायथन, मॅटलॅब, ऑक्टेव्ह, जे हाताशी असेल ते चालेल. सदिशांचा अदिश आणि सदिश गुणाकार येत असला म्हणजे झालं.

चुकलं तर किती चुकतं

उपग्रहाच्या अँटेनाचं केंद्र त्याच्या वस्तुमानकेंद्रावर नसतं. जीपीएसच्या ब्लॉक टू-एफ या बनावटीच्या उपग्रहांत ते एक्स अक्षावर (अक्षांची व्याख्या दुसऱ्या पायरीत येते) सुमारे ३९ सेंमी बाजूला आहे, जुन्या ब्लॉक टू-ए मध्ये सुमारे २८ सेंमी होतं, ग्लोनास-एम मध्ये तर अर्ध्या मीटरहून जास्त. उपग्रह फिरला की हे केंद्रही गोल फिरतं. उपग्रहावरून पाहिलं तर पृथ्वीची कड खालच्या दिशेपासून जेमतेम १४° वर दिसते, त्यामुळे आडव्या अंतराचा फक्त चौथा हिस्सा अंतराच्या मापात उतरतो. तरीही टू-एफ साठी तो साडेनऊ सेंटिमीटर भरतो. यॉ पूर्ण उलटा धरला तर फरक दुप्पट, म्हणजे १९ सेंमीपर्यंत.

दुसरा परिणाम फेज विंड-अपचा. सिग्नल वर्तुळाकार ध्रुवित असतो, त्यामुळे उपग्रह स्वतःभोवती एक पूर्ण फेरा फिरला की मोजलेल्या फेजमध्ये एक पूर्ण तरंगलांबी वाढते किंवा कमी होते. जीपीएसच्या एल-१ वारंवारतेवर ती १९ सेंमी, एल-२ वर २४.४ सेंमी. दोन्ही मिळून आयनोस्फिअरमुक्त संयोग (आयनोस्फिअर थराचा परिणाम काढून टाकणारी जोडणी) केला तर एका फेऱ्यामागे १०.७ सेंमी. अर्धा फेरा चुकला की ५.३ सेंमी गेलेच.

तिसरा परिणाम कक्षेवर होतो. सूर्यप्रकाशाचा दाब उपग्रहाच्या कोणत्या बाजूवर पडतो हे यॉवरून ठरतं. कक्षा स्वतः काढणाऱ्यांना हा सगळ्यात जास्त छळतो. आयत्या कक्षा वापरणाऱ्यांचं पहिल्या दोन परिणामांवर लक्ष असलं की पुरे.

पायरी १: चौकट नीट बसवा

अचूक कक्षांच्या एसपी-३ फाइलमध्ये उपग्रहाची स्थानं पृथ्वीसोबत फिरणाऱ्या चौकटीत असतात. यॉचं गणित तारकांच्या सापेक्ष स्थिर चौकटीत करायचं असतं. ग्रीनिचच्या नाक्षत्र कोनाने स्थान झेड अक्षाभोवती फिरवलं की हे काम होतं, या कामाला याहून बारीक रूपांतराची गरज नसते.

वेगाच्या बाबतीत मात्र सावध राहा. दोन लागोपाठच्या स्थानांची वजाबाकी करून वेग काढणार असाल तर आधी दोन्ही स्थानं स्थिर चौकटीत न्या, मग वजाबाकी करा. फिरत्या चौकटीतला वेग तसाच उचलला तर जीपीएस उपग्रहाच्या ३.९ किमी/सेकंद वेगात १.९ किमी/सेकंदापर्यंत चूक शिरते. कक्षेचं प्रतलच तिरकं होतं, आणि पुढची सगळी आकडेमोड दिसायला व्यवस्थित पण निकाल चुकीचा, अशी होते. हा दोष पटकन नजरेत येत नाही, म्हणून इथे आवर्जून थांबलो.

सूर्याची दिशा काढायला साधं सूत्र पुरतं. १ जानेवारी २००० च्या दुपारी १२ पासून उलटलेले दिवस म्हणजे न. मग अंशांमध्ये:

मध्यम रेखांश = २८०.४६० + ०.९८५६४७४ × न
मध्यम कोन = ३५७.५२८ + ०.९८५६००३ × न
क्रांतिवृत्तीय रेखांश = मध्यम रेखांश + १.९१५ × साइन(मध्यम कोन) + ०.०२० × साइन(२ × मध्यम कोन)
क्रांतिवृत्ताचा कल = २३.४३९ − ०.०००००४ × (न ÷ १०)

सूर्याकडचा एकक सदिश असा मिळतो: पहिला घटक कॉस(रेखांश), दुसरा कॉस(कल) × साइन(रेखांश), तिसरा साइन(कल) × साइन(रेखांश). अचूकता सुमारे ०.०१°. पृथ्वीच्या केंद्रातून दिसणारा सूर्य आणि उपग्रहावरून दिसणारा सूर्य यांच्या दिशांत पडणारा जास्तीत जास्त फरकही जवळपास तेवढाच, म्हणून या मॉडेलसाठी सूर्याचं याहून सूक्ष्म गणित करण्यात अर्थ नाही.

पायरी २: आदर्श अक्ष

झेड = −(स्थान ÷ स्थानाची लांबी)
वाय = झेड × सूर्य, मग एकक लांबीचा करून घ्या
एक्स = वाय × झेड

इथे × म्हणजे सदिश गुणाकार. झेड पृथ्वीच्या केंद्राकडे जातो, वाय हा सौरपंखांचा आस, आणि एक्स नेहमी सूर्याच्या बाजूला. एक्स आणि सूर्य यांचा अदिश गुणाकार धन आला पाहिजे. ऋण आला तर क्रम कुठेतरी उलटा झालाय.

ही खूणगाठ आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या म्हणजे आयजीएसच्या संकेताप्रमाणे आहे. उत्पादकांचे संकेत वेगळे असू शकतात. ब्लॉक टू-आर आणि गॅलिलिओच्या मूळ कागदपत्रांत एक्स अक्ष नेमका उलट दिशेला धरलेला आहे. त्या कागदपत्रांतली अँटेनाची अंतरं घेऊन आयजीएसच्या अक्षांवर बसवली तर एक्स आणि वाय या दोन्ही अंतरांचं चिन्ह चुकतं. अंतरं एएनटेक्स फाइलमधून (आयजीएसची अँटेनांच्या माहितीची फाइल) घ्या, तिथे हा मेळ आधीच घातलेला असतो.

पायरी ३: बीटा आणि म्यू

संपूर्ण मॉडेल या दोन कोनांवर उभं आहे.

बीटा म्हणजे कक्षेच्या प्रतलापासून सूर्य किती अंश वर किंवा खाली आहे. स्थान आणि वेग यांच्या सदिश गुणाकारातून कक्षेचा लंब काढा, एकक करा. लंब आणि सूर्य यांच्या अदिश गुणाकाराचा आर्कसाइन म्हणजे बीटा. तो हळूहळू बदलतो, दिवसाला फार तर एक अंश. जीपीएसची प्रतलं विषुववृत्ताला ५५° ने कललेली आहेत, म्हणून क्रांतिवृत्ताशी त्यांचा कल सुमारे ३२° ते ७८° च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तुमचा बीटा ७८° च्या वर गेला तर पहिल्या पायरीकडे परत जा.

म्यू म्हणजे उपग्रह आपल्या मध्यरात्रीपासून किती अंश पुढे आलाय. सूर्याच्या सदिशातून लंबाच्या दिशेचा भाग वजा करा, उरलेल्याचं चिन्ह बदला, एकक करा. ही झाली मध्यरात्रीची दिशा. लंब × मध्यरात्र (सदिश गुणाकार) ही दुसरी दिशा. उपग्रहाच्या स्थानाचे या दोन दिशांवरचे घटक घेऊन आर्कटॅन२ लावला की म्यू हाती येतो. मध्यरात्री म्यू शून्य, मध्यान्हाला १८०°.

पायरी ४: आदर्श यॉ आणि त्याचा वेग

यॉ = आर्कटॅन२(−टॅन बीटा, साइन म्यू)

यॉ म्हणजे उपग्रहाच्या पुढे जाण्याच्या दिशेपासून एक्स अक्ष किती वळलाय. दुसऱ्या पायरीतल्या अक्षांशी ताळा इथेच करून घ्या. पुढची दिशा = लंब × स्थानाचा एकक सदिश (सदिश गुणाकार). मग

एक्स = कॉस(यॉ) × पुढची दिशा − साइन(यॉ) × लंब

हा एक्स आणि दुसऱ्या पायरीतला एक्स ०.०१° च्या आसपास जुळले पाहिजेत. बीटा अगदी लहान असेल तर मध्यान्ह-मध्यरात्रीजवळ फरक वाढेल, ते ठीक. इतरत्र जुळत नसतील तर पुढे जाऊच नका.

आता वेग:

यॉचा वेग = कक्षागती × टॅन बीटा × कॉस म्यू ÷ (साइन² म्यू + टॅन² बीटा)

जीपीएसची कक्षागती ०.००८३६° प्रतिसेकंद, ग्लोनासची ०.००८८८°, गॅलिलिओची ०.००७१°. मध्यरात्री आणि मध्यान्हाला हा वेग कमाल होतो आणि तेव्हा त्याचं मान कक्षागती ÷ टॅन बीटा एवढं सोपं उरतं. बीटा ३०° असताना जीपीएससाठी ते ०.०१४°/से., अगदी निवांत. १०° ला ०.०४७. ५° ला ०.०९६. १° ला ०.४८. आणि ०.१° ला चक्क ४.८°/से.

उपग्रहातली फिरकी चाकं एवढा वेग देऊच शकत नाहीत. ब्लॉक टू-ए ची मर्यादा ०.१० ते ०.१३°/से. होती, टू-एफ ची ०.११, टू-आर ची ०.२०, ग्लोनास-एम ची ०.२५. ज्या बीटाखाली मर्यादा आड येते तो म्हणजे आर्कटॅन(कक्षागती ÷ कमाल वेग). टू-एफ साठी ४.३°, टू-आर साठी २.४°, ग्लोनास-एम साठी २.०°. हे तीन आकडे तुमच्या प्रोग्रामने दिले की इथवरचं काम पक्कं.

पायरी ५: मध्यान्हाचं वळण, एक उदाहरण हाताने

ब्लॉक टू-एफ चा उपग्रह घ्या, बीटा +१°. मध्यान्हाजवळ यॉला जवळपास शून्यावरून −१८०° कडे जायचं आहे. उपग्रह आदर्श सूत्राप्रमाणे चालत राहतो, आणि सूत्राने मागितलेला वेग ज्या क्षणी ०.११ ला पोचतो त्या क्षणापासून कमाल वेगाने, एकसारखा वळत राहतो. आदर्श यॉ त्याला सोडून पुढे निघून जातो, आणि नंतर संथ झाल्यावर उपग्रह त्याला गाठतो.

तो क्षण काढायला चौथ्या पायरीतल्या वेगाचं मान ०.११ शी बरोबर मांडा. कॉस जवळपास १ धरला की

साइन² = टॅन बीटा × (कक्षागती ÷ कमाल वेग) − टॅन² बीटा

म्हणजे ०.००१३२७ − ०.०००३०५ = ०.००१०२२. वर्गमूळ ०.०३२, कोन १.८३°. कक्षागतीने भागलं की २१९ सेकंद. उपग्रह मध्यान्हाच्या ३ मिनिटं ३९ सेकंद आधी कमाल वेगावर जातो, आणि तेव्हा त्याचा यॉ असतो −२८.६°.

मध्यान्हाला आदर्श यॉ −९०° असतो, प्रत्यक्षात उपग्रह −५२.७° वरच. पुढच्या २१९ सेकंदांत अंतर वाढतच जातं: आदर्श −१५१.४°, प्रत्यक्ष −७६.९°. फरक ७४.५°, हाच सगळ्यात मोठा. त्यानंतर आदर्श वेग ०.११ च्या खाली येतो आणि उपग्रह फरक भरून काढायला लागतो. दोघं पुन्हा एक होतात वळण सुरू झाल्यापासून सुमारे १३२० सेकंदांनी, −१७३.८° वर. एकूण बावीस मिनिटं, त्यातली अठरा मध्यान्हानंतरची. म्हणजे चूक मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नसते, बहुतेक नंतरच्या बाजूला असते. अवशेषांचा (प्रत्यक्ष माप वजा मॉडेलचं माप) आलेख बघताना ही खूण उपयोगी पडते.

या ७४.५° ची किंमत: विंड-अपमध्ये २.२ सेंमी, आणि पृथ्वीच्या कडेला असलेल्या स्थानकासाठी अँटेनाच्या सरकण्यामुळे ११ सेंमीपर्यंत.

ग्लोनास-एम इथे वेगळा वागतो. तो थांबून मग धावत नाही, मध्यान्हाच्या बऱ्याच आधीपासून कमाल वेगाने वळायला लागतो, अशा बेताने की वळण मध्यान्हाच्या दोन्ही अंगांना सारखं पडावं. टू-एफ ची स्वतःची एक खोड आहे. बीटा ऋण पण शून्याच्या अगदी जवळ असेल तर मध्यान्हाला तो सूत्राच्या उलट बाजूने वळतो. या दोन गोष्टी कोडमध्ये वेगळ्या शाखा करून लिहाव्या लागतात, दुसरा इलाज नाही.

भारतात दिवसा मोजणी करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. बीटा लहान असताना मध्यान्हाचा उपग्रह साधारण सूर्याच्याच दिशेला, म्हणजे आपल्या भर दिवसाच्या आकाशात असतो. सावलीतून जाणारे उपग्रह आपल्याला रात्री दिसतात. लिखाणात ग्रहणाचाच बोलबाला जास्त असतो, पण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात शेतावर किंवा रस्त्यावर यंत्र लावणाऱ्याला त्रास होणार तो मध्यान्हाच्या वळणाचा.

पायरी ६: मध्यरात्र आणि सावली

बीटा १३.९° च्या आत आला की जीपीएस उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जायला लागतो. हा ग्रहणकाळ प्रत्येक प्रतलाला वर्षातून दोनदा येतो आणि प्रतलाच्या कलाप्रमाणे सुमारे चार ते आठ आठवडे टिकतो. सावलीतला मुक्काम एका फेरीत फार तर ५५ मिनिटं. ग्लोनाससाठी ही मर्यादा १४.५°, गॅलिलिओसाठी १२.४°.

सावली ओळखायला दंडगोल पुरतो: उपग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूला आहे आणि सूर्यरेषेपासून त्याचं लंब अंतर ६३७८ किमीपेक्षा कमी आहे, या दोन अटी. आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा म्यू हवा असेल तर कॉस(म्यू) = कॉस(१३.९°) ÷ कॉस(बीटा).

आत गेल्यावर सूर्यसंवेदकाला सूर्य दिसेनासा होतो आणि बनावटीबनावटीतला फरक उघड होतो.

टू-आर सावलीतही आदर्श यॉ सांभाळतो. वेगमर्यादा आड येईल तेवढ्या वेळापुरतंच मध्यान्हासारखं वळण धरायचं.

टू-एफ चा मार्ग सरळ आहे. तो बाहेर पडतानाचा यॉ आधी ठरवतो आणि संपूर्ण सावलीभर एकाच स्थिर वेगाने तिथपर्यंत वळतो. बीटा १° असताना आत शिरताना −१७५.८°, बाहेर पडताना −४.२°, मधे ५५ मिनिटं. म्हणजे ०.०५२°/से., मर्यादेच्या निम्म्याहून कमी. बाहेर आल्यावर काहीच सावरावं लागत नाही. मला हा आराखडा मनापासून आवडतो, कारण मॉडेल करणाऱ्याला अंदाज करायला जागाच उरत नाही.

ग्लोनास-एम आत शिरताच कमाल वेगाने वळायला लागतो. याच बीटाला साडेअकरा मिनिटांत बाहेरचा यॉ गाठतो आणि उरलेली सावली तसाच स्थिर बसून काढतो.

टू-ए ची कहाणी निराळी. सावलीत सूर्य दिसेनासा झाला की त्याची नियंत्रण यंत्रणा केवळ संवेदकातल्या गोंगाटावर कुठल्याही बाजूला वळायची, काही अंदाजच बांधता यायचा नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या योआझ बार-सेव्हर यांच्या अभ्यासानंतर १९९४ पासून या उपग्रहांत मुद्दाम अर्ध्या अंशाचा यॉ कल ठेवायला सुरुवात झाली. त्यामुळे सावलीत उपग्रह ठरलेल्या बाजूला कमाल वेगाने फिरत राहतो, आणि किती फिरला हे मोजता येतं. उरते ती बाहेर आल्यानंतरची अर्ध्या तासापर्यंतची सावरासावर. ती कोणत्या बाजूने होईल याचा भरवसा देता येत नाही. हे उपग्रह आता सेवेत नाहीत, पण पृथ्वीच्या कवचाची हालचाल अभ्यासणारे नव्वदच्या दशकापासूनचा डेटा पुन्हा पुन्हा तपासतात. बेंगळुरूच्या आयआयएससी स्थानकाचा जुना डेटा घेतलात तर त्यात टू-ए भेटणारच. तिथे माझा सल्ला सरळ आहे: सावलीतून बाहेर आल्यानंतरचा अर्धा तास त्या उपग्रहाची मापं टाकून द्या.

पायरी ७: बाकीच्या यंत्रणा

गॅलिलिओने २०१६ आणि २०१७ मध्ये आपल्या उपग्रहांच्या यॉचे नियम स्वतःहून प्रसिद्ध केले. मॉडेल करणाऱ्यांसाठी याहून मोठी मदत नाही. पूर्ण सेवेच्या म्हणजे एफओसी मालिकेत बीटा ४.१° च्या आत आणि उपग्रह मध्यान्ह किंवा मध्यरात्रीच्या १०° च्या आत आला की आदर्श सूत्र सोडून हे लावायचं:

यॉ = ९०° × चिन्ह + (सुरुवातीचा यॉ − ९०° × चिन्ह) × कॉस(३६०° × सेकंद ÷ ५६५६)

चिन्ह म्हणजे वळण सुरू होतानाच्या यॉचं चिन्ह, सेकंद त्या क्षणापासून मोजायचे. हे आकडे आले कुठून ते तपासून बघा. २०° ची कमान ओलांडायला गॅलिलिओला सुमारे २८१७ सेकंद लागतात, ५६५६ चं निम्मं २८२८. सूत्रातला सर्वाधिक वेग ९०° × ६.२८३ ÷ ५६५६, म्हणजे ०.१°/से. आणि बीटा ४.१° ला आदर्श सूत्र मागतं तो वेगही नेमका ०.०९९. सगळे धागे एकमेकांत बसतात. त्याआधीच्या आयओव्ही उपग्रहांचा नियम वेगळा आहे, तिथे बीटा २° च्या आत आणि मध्यान्ह-मध्यरात्रीच्या १५° च्या आत खऱ्या सूर्याऐवजी एक सरकवलेला सूर्य धरतात.

२०१४ मध्ये दोन गॅलिलिओ उपग्रह चुकून लंबवर्तुळी कक्षेत गेले. त्यांची कक्षागती फेरीभर बदलते, म्हणून सरासरी आकडा न वापरता त्या क्षणीच्या स्थान-वेगावरून ती काढा.

बायडू-२ चे मध्यम आणि कललेल्या कक्षेतले बहुतेक उपग्रह बीटा ४° च्या आत आला की यॉ फिरवणंच थांबवतात. यॉ शून्य, एक्स अक्ष पुढच्या दिशेला, काम सोपं. भूस्थिर उपग्रह तर कायम याच स्थितीत असतात. जपानचा पहिला क्यूझेडएस उपग्रह, २०१० चा, हा बदल बीटा २०° वरच करायचा. कोडिंगला हे सोपं असलं तरी या स्थितीत सूर्यदाबाचं नेहमीचं मॉडेल विस्कटतं आणि कक्षाच बिघडलेल्या मिळतात, हे लक्षात ठेवून या दिवसांच्या मापांना वजन कमी द्या.

नाविकच्या बाबतीत दुसऱ्या पायरीतली झेडची व्याख्याच बदलते. आयआरएनएसएस उपग्रहांची अँटेना पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेली नसते. ती सेवाक्षेत्राच्या मध्याकडे, साधारण ५° उत्तर अक्षांश आणि ८३° पूर्व रेखांशाच्या बिंदूकडे असते. झेड = त्या बिंदूचं स्थान वजा उपग्रहाचं स्थान, मग एकक. बिंदू पृथ्वीसोबत फिरतो, म्हणून त्यालाही स्थिर चौकटीत आणायला विसरू नका.

पायरी ८: कोड लिहिताना

बनावट ठरवताना पीआरएन क्रमांकावर (सिग्नलच्या संकेताचा क्रमांक) विसंबू नका. तो एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जातो. तारखेसकट एसव्हीएन क्रमांक (त्या उपग्रहाचा स्वतःचा क्रमांक) बघा, एएनटेक्स फाइलमध्ये तो असतो.

वळणाचं मॉडेल सुरुवातीच्या क्षणावर अवलंबून आहे. तुमची फाइल रात्री ००:०० ला सुरू होत असेल आणि उपग्रह तेव्हा वळणाच्या मधोमध असेल, तर प्रोग्रामला सुरुवात सापडणार नाही आणि तो निमूट आदर्श यॉ देऊन मोकळा होईल. आदल्या दिवसाची कक्षा निदान तासभर तरी सोबत घ्या. पाचव्या पायरीतल्याप्रमाणे सुरुवातीचा क्षण सूत्रानेच काढलात तर आणखी उत्तम, कारण मग पायरीपायरीने पुढे सरकत यावं लागत नाही.

यॉ −१८०° वरून +१८०° वर उडी मारतो तेव्हा विंड-अपमध्ये खोटा फेरा जमा होऊ शकतो. आधीच्या मूल्याच्या सगळ्यात जवळचा पर्याय निवडा. मापांची पायरी ३० सेकंदांची असली तरी चालतं, ०.११ च्या वेगाने तेवढ्यात ३.३° च होतात. पाच मिनिटांच्या पायरीवर मात्र ३३°, ती घेऊ नका.

पायरी ९: तपासणी

बीटा ५०°, १०° आणि १° असे तीन दिवस निवडा आणि प्रत्येकाचा यॉ आलेख काढा. पहिल्यात सौम्य लाट, दुसऱ्यात एक चढ आणि एक उतार, तिसऱ्यात तुमच्या बनावटीचं वळण दिसलं पाहिजे.

मग खऱ्याशी ताडून बघा. आयजीएसची काही विश्लेषण केंद्रं कक्षा आणि घड्याळांबरोबर यॉची माहिती ऑर्बेक्स नावाच्या फाइलमध्ये देतात, त्यात दर क्षणाचा क्वाटर्निअन (उपग्रहाची वळलेली स्थिती सांगणारे चार आकडे) असतो. त्यातला एक्स अक्ष काढा आणि तुमच्या एक्सशी कोन मोजा. मध्यान्ह-मध्यरात्रीपासून दूर असताना फरक अंशाच्या आत हवा. वळणात काही अंश आला तर बनावटीच्या कमाल वेगाचा आकडा तपासा, १८०° च्या आसपास आला तर वळणाची दिशा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रिसाइज पॉइंट पोझिशनिंग (एकाच ग्राहकयंत्राने अचूक जागा काढणं) करताना तुम्ही दुसऱ्याने काढलेली उपग्रह घड्याळं वापरता. त्या केंद्राने वळणात यॉ चुकीचा धरला असेल तर त्या चुकीचा मोठा भाग घड्याळात मुरलेला असतो. अशा वेळी तुमचं मॉडेल खऱ्याच्या जास्त जवळ असूनही निकाल बिघडतो. म्हणून घड्याळं ज्या केंद्राची, यॉही त्याच केंद्राचा. ऑर्बेक्स फाइल मिळत असेल तर वळणांपुरती तीच वापरा, आणि नसेल तेव्हा, किंवा स्वतः घड्याळं काढत असाल तेव्हा, वरचं मॉडेल.

फाइलही नाही आणि बनावटीचा नियमही ठाऊक नाही, अशा उपग्रहाची वळणातली मापं वगळून टाका. आज डोक्यावर एकावेळी तीस-चाळीस उपग्रह असतात, त्यातला एक वीस मिनिटं गेला तर बिघडत नाही. वगळताना सुरुवात वळणाच्या क्षणापासून धरा आणि शेवट उपग्रहाने आदर्श यॉ गाठेपर्यंत. मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं कापलीत, तर पाचव्या पायरीत पाहिल्याप्रमाणे बिघडलेला भाग आत राहील आणि चांगला बाहेर जाईल.